पहाटेची झोप

दुपारचे बारा वाजले, नीजघराचे जाड दरवाजे बंद झाले आणि हेमांगी भंगाळे नेहमीप्रमाणे एकटीच जागी उरली.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबक सिंचनाच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्याचं हे नीजघर. लांबलचक, थंडगार दालन, त्यात ओळीनं लावलेल्या खाटा, प्रत्येक खाटेवर एक माणूस आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली करड्या रंगाची टोपी. बाहेर अठ्ठेचाळीस अंशांचं ऊन. दुकानांची शटर खाली, रिक्षा कडुनिंबाखाली उभ्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सिग्नल तेवढे कुणीही नसताना लाल-हिरवे होत राहिलेले. शहर झोपलं होतं. शहरच कशाला, निम्मा देश या वेळी झोपलेला असे.

हेमांगीचं काम साधं होतं. खाटांमधून फिरायचं, कुणाची टोपी सरकली आहे का, कुणाचा श्वास अडखळतोय का, कुणाला ताप आहे का, ते पाहायचं. खांबाजवळच्या खाटेवर तिचा नवरा लोकेश झोपायचा. त्याच्यापाशी ती जरा जास्त थांबे. दिवसभरात दोघं सलग इतका वेळ एका छताखाली असत ते याच वेळी, आणि त्यातला एक झोपलेला असे.

त्या दिवशी लोकेशच्या कानाजवळ पाण्याचा ओघळ दिसला. टोपी सुरू व्हायच्या आधी डोळे भरून आले असणार. तिनं ओढणीच्या टोकानं तो हलकेच टिपला आणि पुढच्या खाटेकडे गेली.

टोपी येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. त्याआधी बराच काळ देश एका विचित्र कोंडीत सापडला होता. माणसाची कामं करणारी यंत्रं आणि आराखडे काढणारी, हिशेब मांडणारी यंत्रबुद्धी आली होती खरी, पण ती जगात सगळीकडेच आली होती. सगळ्यांच्या हाती एकच हत्यार असलं की कुणीच पुढे जात नाही. त्यात उन्हाळा फेब्रुवारीतच सुरू होऊ लागला आणि दुपारचे तास माणसाच्या कामाचे उरले नाहीत. परदेशी गिऱ्हाईक मालाचा भाव विचारण्याआधी तो बनवताना किती धूर झाला ते विचारू लागलं. घरोघरी एकेकच मूल, त्यामुळे काम करणारे हात कमी होत चालले. दरडोई काम किती निपजतं, ज्याला अर्थशास्त्रात उत्पादकता म्हणतात, ते वाढायचं थांबलं. ते थांबलं की पगार, रस्ते, दवाखाने, एकेक करून सगळंच थांबायला लागतं.

अशा वेळी दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत टोपी तयार झाली. झोपेत मेंदू स्वतःला धुऊन काढतो हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. जागेपणी मेंदूत जो कचरा साचतो तो गाढ झोपेत पेशींमधून वाहणारं पाणी धुऊन नेतं. गाढ झोपेत मेंदूत विजेच्या संथ लाटा उठतात आणि त्या लाटांच्या तालावर हे पाणी आत-बाहेर करतं. टोपी बाहेरून हलकी स्पंदनं देऊन या लाटा मोठ्या आणि लागोपाठ करत असे. रात्रभरात व्हायची तेवढी धुलाई अडीच तासांत होऊ लागली. त्यासाठी अंग थंड राहायला हवं, म्हणून नीजघरं बांधली. गार हवेला लागणारी सूर्याची वीज दुपारी मुबलक, म्हणून झोप दुपारी. बाकीचा सगळा दिवस आणि सगळी रात्र कामाला मोकळी झाली.

सरकारनं योजनेला 'राष्ट्रीय जागर' असं नाव दिलं. सक्ती नव्हती, तिची गरजही पडली नाही. शेजाऱ्याचा दिवस एकवीस तासांचा झाल्यावर सोळा तासांच्या दिवसात कोण राहणार? लोकांनी दोन-दोन पाळ्या घेतल्या, नवी शिक्षणं घेतली. उत्पादकतेचा आकडा वर चढला आणि चढतच राहिला. जळगावच्या नळ्या तीन खंडांत जाऊ लागल्या.

शंभरातल्या तिघाचौघांवर मात्र टोपीचा परिणाम होत नसे. त्यांच्या मेंदूतल्या लाटा टोपीचं ऐकत नसत. सरकारी भाषेत ते 'पूर्णनिद्र'. लोक त्यांना 'आठतासे' म्हणत. हेमांगी आठताशी निघाली.

पूर्वी ती याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत नळ्यांची तपासणी करायची. दोन पाळ्या करणारीच माणसं तिथं ठेवायची असं ठरलं, तेव्हा तिला नीजघरात पाठवलं. दुपारी कुणीतरी जागं हवंच होतं. या कामाचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते संध्याकाळी. नऊ वाजता ती अंथरुणावर पडायची तेव्हा इमारतीतले सगळे दिवे लागलेले असायचे, खाली मुलं क्रिकेट खेळत असायची, कुठल्यातरी लग्नाचा बँड नुकताच सुरू झालेला असायचा. सकाळी ती उठायची तोवर सगळ्यांचं सगळं होऊन गेलेलं असायचं. वाढदिवस, भांडणं, भाजीबाजार, गप्पा. बहिणीच्या मुलाचं लग्नही पहाटे दोनच्या मुहूर्तावर लागलं. ती गेली, आणि तांदूळ हातात घेऊन खुर्चीतच झोपली. त्यानंतर लोक तिला रात्रीच्या कार्यक्रमांना बोलावीनासे झाले. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. तिचीच सोय बघायचे.

लोकेश रोज रात्री जणू परगावी जाऊन यायचा. तिथं त्याचे मित्र होते. ब्राझीलच्या गिऱ्हाइकांशी बोलण्यासाठी तो पोर्तुगीज शिकला होता. तिथले विनोद तिला समजावून सांगावे लागत, आणि समजावून सांगितलेल्या विनोदाला कोण हसतं? हळूहळू त्यानं सांगणं सोडलं.

तरी हे सगळं तिनं निभावून नेलं असतं. पण गार्गी गेली.

त्यांची एकुलती एक मुलगी. दहा वर्षांची. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ताप आला, तो मेंदूत गेला, आणि आठवडाही काढला नाही तिनं. त्या दिवसांत दोघं एकमेकांना धरून रडले. पहिलं वर्ष दोघांचं सारखंच गेलं असं हेमांगीला वाटायचं. दुसऱ्या वर्षी कधीतरी तिच्या लक्षात आलं की आपण गार्गीच्या खोलीत जाऊन पडदे बदलू शकतो. तिचा फ्रॉक हातात घेतला तर छातीत पूर्वीसारखी कळ उठत नाही. लोकेश त्या खोलीच्या दारावरून जातानाही मान वळवायचा. चार वर्षं झाली तरी वळवायचा.

एका सकाळी शेजारच्या वाघुळदे काकू वांग्याचं भरीत घेऊन आल्या. सत्तरीच्या पुढच्यांना टोपी देत नसत, त्यामुळे काकू आणि हेमांगी जाग्या असण्याच्या वेळा जुळत. लोकेश दुसरी पाळी संपवून नुकताच जेवायला बसला होता.

"आमचा परीक्षक गेला," काकू वाटी ठेवत म्हणाल्या. "आता भरताला मार्क कोण देणार?"

"दहापैकी सहा," हेमांगी म्हणाली. "मीठ जास्त, पण प्रयत्न चांगला."

गार्गी काकूंच्या भरताला अगदी याच आवाजात मार्क द्यायची. काकू हसल्या. हेमांगीही हसली, मनापासून हसली. काकू गेल्यावर तिनं वळून पाहिलं, तर लोकेशनं भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला होता.

"तुला हसू येतं," तो म्हणाला.

"ती होतीच तशी. तिची गोष्ट निघाली की हसूच येणार."

"मला तिचं नाव निघालं की दवाखान्यातलं ते मशिन ऐकू येतं. टिक टिक. आत्ताही येतंय. तुला नाही येत?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "आधी यायचं," ती म्हणाली.

"म्हणजे तू विसरलीस."

"लोकेश, असं कसं बोलतोस?"

"मी रागानं नाही बोलत, हेमा. मला खरंच समजत नाही. आपली दोघांचीच होती ना ती? मग मी एकटाच कसा काय तिथं उभा आहे अजून?"

तो हात धुऊन उठला. त्यानंतर घरात गार्गीचं नाव निघेनासं झालं.

त्याच उन्हाळ्यात पुण्याहून डॉ. खरात आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, हातात पाण्याची मोठी बाटली. पूर्णनिद्र माणसांचा अभ्यास करत त्या गावोगाव हिंडत होत्या. त्या स्वतःही आठताशी. भर दुपारी नीजघरात येऊन त्यांनी हेमांगीसमोर खुर्ची ओढली, तेव्हा हेमांगीला पहिल्यांदा हेच जाणवलं की आपल्यासमोर या वेळी एक जागं माणूस बसलंय.

त्यांनी झोप, भूक, तब्येत विचारली. मग घरात कुणाचा मृत्यू झाला आहे का, ते विचारलं. हेमांगीनं सांगितलं. स्वतःचं सांगितलं आणि लोकेशचंही. शेवटी म्हणाली, "मॅडम, मला एकच विचारायचंय. मी दगड आहे का?"

डॉक्टरांनी मांडीवरचं नोंदी घ्यायचं यंत्र बाजूला ठेवलं. "नाही, हेमांगीताई. तुम्ही झोपता, एवढंच."

त्यांनी तिला समजावून सांगितलं. "झोपेची कामं दोन. एक धुलाईचं, ते गाढ झोपेत होतं. टोपी ते झपाट्यानं करते. दुसरं काम उशिरा होतं, बहुतेक पहाटेकडं. तेव्हा मिटल्या पापण्यांखाली डोळे हलत असतात, माणूस स्वप्नं पाहत असतो. त्या वेळी मेंदू जुन्या आठवणी काढतो आणि पुन्हा लावून ठेवतो. भीतीनं, धक्क्यानं मेंदूत जे एक रसायन उसळतं ना, ते फक्त त्याच वेळी जवळपास बंद असतं. त्यामुळे आठवण निघते, पण तिच्याबरोबर तो धक्का निघत नाही. असं पुष्कळ रात्री झालं की आठवण राहते आणि तिची धार जाते. याला घाई करता येत नाही. म्हणून टोपीत तो भाग जवळजवळ गाळलेला आहे."

हेमांगीनं खाटांच्या ओळींकडे पाहिलं. "म्हणजे या सगळ्यांचं..."

"ज्याचं जे दुःख टोपी आल्यानंतरचं असेल ते तसंच्या तसं आहे. काल घडल्यासारखं."

"हे तुम्ही सरकारला सांगितलं नाही?"

"सांगितलं. अहवाल दिला, त्यांनी तो नीट वाचला. कुणी काही लपवलं नाही. समितीनं मला विचारलं, यानं उत्पादकता घटते का? मी म्हटलं, नाही. उलट ज्याचं दुःख ताजं आहे तो जास्त काम करतो. रिकामं बसणं त्याला सोसत नाही. मग ते पुढच्या विषयाकडे वळले." डॉक्टर बाटलीतलं पाणी प्यायल्या. "त्यांचंही चुकलं असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. माझ्या भावाच्या गावाला या आकड्यामुळे आलेल्या पैशातून पाणी मिळालं."

"आणि एखाद्यानं टोपी सोडली तर?"

"महिनाभर रात्रीची पूर्ण झोप घेतली तर मेंदू राहिलेलं काम उरकायला लागतो. वय फार नसेल तर नक्की."

हेमांगीनं ते दुसऱ्या दिवशी सकाळी लोकेशला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तो कारखान्यात उत्पादनाच्या एका लाइनचा प्रमुख होता. टोपी सोडणाऱ्याला एकच पाळी मिळे आणि प्रमुखाची जागा जाई. पण तो त्याबद्दल बोलला नाही.

"धार जाते म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

"दुखायचं थांबतं."

"मग उरतं काय?"

"ती उरते, लोकेश."

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि विषय तिथंच राहिला.

पुढे आषाढात एक सकाळ अशी आली की लोकेश घरी आला आणि बूट न काढताच दारातल्या स्टुलावर बसून राहिला. हेमांगीनं चहा पुढे केला. त्यानं तो घेतला नाही.

"आज मी शाळेत फोन लावला," तो म्हणाला. "पाऊस जोरात होता. मला वाटलं, बस अडकली असेल. मी ऑफिसच्या बाईंना विचारलं, पाचवी ब ची बस शाळेत पोचली का म्हणून. त्यांनी मुलीचं नाव विचारलं. मी सांगितलं. हेमा, नाव सांगताना मला काहीच वाटलं नाही. त्या बाई गप्प झाल्या, तेव्हा मला समजलं."

ती त्याच्या पायाशी बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"कुठं जायचं ते ठरव," तो म्हणाला. "महिनाभर."

सातपुड्यातल्या पाल या गावी ते गेले. तिथं जंगलखात्याच्या जुन्या विश्रामगृहाच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. तिथली हवा जरा गार, मोबाइलची रेंज मोजकीच, आणि गाव अजून जुन्या वेळा पाळणारं. दिवेलागण झाली की चुली विझायच्या.

पहिले काही दिवस लोकेशला रात्री झोपच येईना. तो अंगणात येरझाऱ्या घालायचा. "एवढा वेळ अंधारात करायचं तरी काय?" म्हणायचा. मग एका रात्री तो पडला तो ऊन अंगावर येईपर्यंत उठला नाही. त्यानंतर जणू थकबाकी वसूल करावी तसा झोपू लागला. स्वप्नात काय दिसतं म्हणून हेमांगी विचारायची. नुसत्या नळ्या, तो म्हणायचा. काळ्या नळ्या, मैलोगणती. कधी तर काहीच आठवत नसे.

तिच्या दृष्टीनं ते दिवस फार सुखाचे होते. दोघं एकाच वेळी जागे, एकाच वेळी पेंगुळलेले. एकदा तिला मध्येच जाग आली, तर शेजारी त्याचा श्वास चालू होता. तिनं नुसता हात पुढे केला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. कितीतरी वर्षांत रात्री तिथं पाठ नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात दोघं सुकी नदीच्या काठानं फिरायला गेले होते. वाटेत केळीचा ट्रक थांबलेला होता. त्याच्याकडे पाहता पाहता लोकेश एकदम म्हणाला, "तुला ते स्टिकरचं माहितीये का?"

"कुठलं?"

"केळी परदेशी पाठवतात, त्यांच्यावर लावतात ते गोल स्टिकर. गार्गीला कुठूनतरी पट्टीच मिळाली होती. मी दुपारी झोपलो होतो, टोपी यायच्या आधीची गोष्ट. तिनं माझ्या कपाळावर एक चिकटवला. मी तसाच कारखान्यात गेलो. मोठ्या साहेबांबरोबर मीटिंग झाली सबंध. शेवटी साहेब म्हणाले, भंगाळे, तुम्ही निर्यातीला पात्र झालात वाटतं."

तो हसला. आधी नाकातल्या नाकात आणि मग मोठ्यानं, गुडघ्यांवर हात टेकून. हेमांगीही हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. चार वर्षांत पहिल्यांदाच तिला गार्गीची एक नवी गोष्ट मिळाली होती. तिला ठाऊक नसलेली. त्या संध्याकाळी आपल्याला मुलगी होती हे पुन्हा दोघांचं मिळून झालं असं तिला वाटलं.

दोन-तीन दिवसांनी ती सकाळी बाहेर आली तेव्हा लोकेश आंघोळ करून, बॅग भरून पायरीवर बसला होता.

"काय झालं?"

"काल," तो म्हणाला, "दिवसभरात मला ती एकदाही आठवली नाही. रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा लक्षात आलं. आख्खा दिवस, हेमा. मी दाढी केली, त्या चौकीदाराशी पावसाच्या गप्पा मारल्या, दोन वेळा जेवलो."

"असं होतं. माझंही झालं होतं."

"तू काय केलंस तेव्हा?"

"रडले. दुसऱ्या दिवशी ती आठवली. ती जात नाही रे कुठं. टोचायची फक्त थांबते."

"टोचते म्हणून तर आहे," तो म्हणाला. "मी बाप म्हणून तिच्यासाठी दुसरं काय करू शकतो आता? मला एवढंच जमतं. तेही काढून घेतलं तर माझ्याकडे काय राहिलं? पोर्तुगीज?"

हेमांगी त्याच्याशेजारी बसली. खूप बोलावंसं वाटत होतं. शाळेत केलेला फोन आठव, म्हणावंसं वाटत होतं. पण त्याचा चेहरा पाहून तिला समजलं की त्याला सगळं आठवतंय, आणि ते धरूनच त्यानं ठरवलंय.

"आणि मी?" शेवटी ती एवढंच म्हणाली. "तू तिथं उभा आहेस एकटा, म्हणालास. मी इथं एकटी आहे, लोकेश. मला तिच्या गोष्टी सांगायला कुणी नाही. तू समोर असलास की मला तोंड मिटून बसावं लागतं."

त्यानं बॅगेचा पट्टा आवळला. मग म्हणाला, "रविवारी सुट्टी असते. रविवारी रात्री मी घरी झोपत जाईन, तुझ्याशेजारी. पण पहाट व्हायच्या आत मला उठवायचं. डॉक्टर म्हणाल्या ना, ते काम पहाटेकडं होतं. ते मला नको. डोळे हलायला लागले की उठव. वचन दे."

तिनं वचन दिलं. त्याच दिवशी ते जळगावला परतले.

लोकेशला लाइनप्रमुखाची जागा परत मिळाली नाही, तरी त्यानं दोन्ही पाळ्या पुन्हा सुरू केल्या. नीजघरात खांबाजवळच्या खाटेवर तो पुन्हा येऊन पडू लागला. दिवाळीच्या सुमाराला त्या वर्षीचा उत्पादकतेचा आकडा जाहीर झाला. आजवरचा सर्वांत मोठा. कारखान्यात पेढे वाटले, आणि हेमांगीच्या वाट्याचा पेढा कुणीतरी तिच्या टेबलावर कागदात गुंडाळून ठेवला, कारण वाटप रात्री झालं होतं.

रविवारचा शब्द मात्र लोकेशनं पाळला. रात्री नऊला तो तिच्याशेजारी येऊन पडायचा. रस्त्यावर वर्दळ असायची, वरच्या मजल्यावर कुणीतरी तबला शिकत असायचं. तो अंधाराकडे पाहत पडून राहायचा आणि मग झोपायचा. हेमांगी गजर लावून पहाटेच्या आत उठायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बसायची. पापण्यांखाली पहिली हालचाल दिसली की त्याच्या दंडाला हात लावायची. तो लगेच उठायचा, चूळ भरायचा आणि कपडे करून बाहेर पडायचा. असे कितीतरी रविवार गेले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रात्री तिला गजराच्या बऱ्याच आधी जाग आली. का आली ते तिला कळलं नाही. खिडकीतून फटफटतंय का म्हणून तिनं पाहिलं, अजून अंधारच होता. तिनं कोपऱ्यातला लहान दिवा लावला.

लोकेशच्या पापण्या हलत होत्या. भराभर, इकडून तिकडे. ज्याची स्वप्नांची झोप फार काळ अडवली जाते त्याचा मेंदू तिच्याकडे लवकर धाव घेतो, हे डॉ. खरातांनी तिला सांगितलं होतं. किती वेळापासून हे चाललं होतं कोण जाणे. त्याच्या कपाळावरची आठी गेली होती. ओठ किंचित उघडे होते आणि एका बाजूला वर ओढले जात होते, माणूस कुणाचं तरी बोलणं ऐकत असावा आणि हसू दाबत असावा तसे.

तिनं हात पुढे केला आणि तो हवेतच थांबला.

आणखी अर्धा तास असाच गेला तर त्याला कधीच कळणार नव्हतं. पुढच्या रविवारी आणखी अर्धा तास. हळूहळू त्याचं टोचणं कमी झालं असतं आणि त्याला वाटलं असतं, काळानं झालं. तिला तिचा नवरा मिळाला असता. तिला दुसरं काहीच नको होतं. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. इतकं सैल झालेलं त्याचं तोंड तिनं पालनंतर पाहिलं नव्हतं.

पण दुःख त्याचं होतं. ते त्याला न विचारता काढून घ्यायचं, तर लोकांना न विचारता पुढच्या विषयाकडे वळणारी ती समिती आणि आपण, यांत फरक तो काय?

"लोकेश," तिनं त्याच्या दंडाला हात लावला. "ऊठ. सुरू झालंय."

त्यानं डोळे उघडले. क्षणभर त्याला ती ओळखू आली नाही. मग तो कोपरावर रेलला आणि खोलीभर काहीतरी शोधल्यासारखं पाहू लागला.

स्वप्न चालू असताना जाग आली तरच ते हाती लागतं. ते संपल्यावर माणूस आपोआप उठला तर त्यातलं बहुतेक विरून गेलेलं असतं. पालला तो रोज रात्री कुठं जाऊन येत होता, ते त्याला म्हणूनच कधी कळलं नव्हतं. आज पहिल्यांदाच हेमांगीनं त्याला अगदी मध्यात उठवलं होतं.

"होती," तो म्हणाला.

"कोण?"

"इथं, पलंगाच्या कडेला बसली होती. पाय हलवत. काहीतरी लांबलचक सांगत होती, शाळेतलं. तिचं ते नेहमीचं, मध्येच विसरायचं आणि मग पहिल्यापासून सुरू करायचं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. हात ओला झाला. "ते मशिन नव्हतं, हेमा. कुठंच वाजत नव्हतं. ती नुसती बोलत होती. मी विचारणार होतो, मग बाई काय म्हणाल्या, आणि तू उठवलंस."

"तूच सांगितलं होतंस."

"हो. मीच सांगितलं होतं."

तो पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसला. हेमांगी त्याचे कपडे आणायला उठली. वर तबला थांबला होता. रस्त्यावरून कारखान्याची बस हॉर्न देत गेली. तिनं शर्ट आणून त्याच्याजवळ ठेवला. त्यानं तो घेतला नाही.

"मी परत झोपलो," तो अखेर म्हणाला, "तर येईल ती?"

"माहीत नाही. येईलही. पण मग हळूहळू ते..."

"ते कळलं मला."

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. शर्ट बाजूला सारला, भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि गुडघे पोटाशी घेतले.

"अजून थोडं झोपू दे," तो म्हणाला. "या वेळी उठवू नकोस."

हेमांगीनं दिवा मालवला आणि त्याच्या पाठीशी बसून राहिली. थोड्या वेळानं त्याचा श्वास संथ झाला. खिडकी उजळली, काकूंच्या घरात भांड्यांचा आवाज सुरू झाला. तो झोपेत अस्पष्ट काहीतरी पुटपुटला. प्रश्न असावा, कारण त्यानंतर तो उत्तर ऐकत असल्यासारखा गप्प राहिला. त्या दोघांचं काय बोलणं चाललं होतं ते हेमांगीला ऐकू येत नव्हतं. ती वाट पाहत राहिली.